शाळेचा आराखडा दिवाळीच्या आत करा

प्रति,
अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य सचिव आणि सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा;
तसेच सरपंचताई आणि ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य

विषय: शाळा विकास आराखड्याची बैठक ऊसतोडीच्या टोळ्या हलण्याआधी घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

पोळा झाला, गणपतीही उठले. आता गावात दोनच विषय आहेत: यंदा मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) किती मिळाली आणि टोळीची गाडी कधी लागणार. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतील आणि दिवाळी उरकली की आपल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यातली निम्मी घरं कुलूपबंद होतील. हे मी तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातले बरेच सदस्य स्वतःच कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जातात. म्हणूनच हे पत्र आत्ता लिहितोय. शाळेचा विकास आराखडा दरवर्षी तुम्ही निघून गेल्यावर होतो. यंदा तो तुम्ही गावात असताना व्हावा.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २१ मध्ये तुमची समिती आहे आणि कलम २२ मध्ये समितीने करायचा आराखडा. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी तयार असावा असं नियम सांगतात. म्हणजे मुदत ३१ डिसेंबरची. ज्यांनी ही तारीख ठरवली त्यांच्या गावात डिसेंबरात पालक घरी असत असतील. आपल्याकडचा पालक डिसेंबरात सांगली-कोल्हापूरच्या, नाहीतर बेळगावकडच्या उसाच्या फडात असतो आणि कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे हंगाम संपल्याशिवाय, परतत नाही. मग होतं ते असं: वरून पत्र येतं, मॅडम रात्री जागून फॉर्म भरतात, मागच्या कागदावरचं साल बदलतं, गावात उरलेल्या दोघा-तिघांच्या सह्या होतात, बाकीच्यांच्या सह्या ते परत आले की जमेल तशा घेतल्या जातात. मी मॅडमना बोल लावत नाही. वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराची रोजची नोंद भरायची, यू-डायस (शाळेच्या माहितीचा सरकारी फॉर्म) भरायचं, आधार जुळवायचे आणि त्यात हाही कागद. पालकांनी लिहायचा आराखडा शिक्षकाच्या गळ्यात पडला तर तो आराखडा न राहता फॉर्मच होणार.

मागच्या आराखड्याची प्रत मी मागून घेतली. ती मिळाली, याबद्दल सचिवांचे आभार. माझी उभी नोकरी झेडपीच्या बांधकाम उपविभागात गेली, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. असा कागद हातात आला की मी बेरीज नंतर बघतो, आधी कामांचा क्रम बघतो. आपला क्रम असा आहे: प्रवेशद्वाराची कमान, पटांगणात पेव्हिंग ब्लॉक, बाहेरच्या भिंतींची रंगरंगोटी, स्मार्ट टीव्ही. शेवटून दुसऱ्या ओळीत "स्वच्छतागृह दुरुस्ती" आणि सगळ्यात शेवटी "छत गळती". मुलांच्या संख्येचा रकाना कोरा.

कमानीशी माझं वैर नाही. नोकरीत अशा कमानींची अंदाजपत्रकं मीही केली आहेत, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवतानाही हजर राहिलो आहे. लोकवर्गणी कमानीला पटकन जमते आणि शोषखड्ड्याला जमत नाही, हे मला माहीत आहे, कारण शोषखड्ड्यावर कुणाच्या वडिलांचं नाव कोरता येत नाही. ज्यांना वडिलांच्या स्मरणार्थ कमान द्यायची आहे त्यांनी खुशाल द्यावी. फक्त ती आराखड्याची पहिली ओळ नको.

पेव्हिंग ब्लॉकला मात्र माझा सरळ विरोध आहे आणि तो अभियंता म्हणून आहे. आपल्या शाळेचं जोतं आधीच बुटकं. गेल्या काही वर्षांत पटांगणात दोनदा मुरूम पडला, तेव्हा ते आणखी बुडालं. आता त्यावर कच (दगडाची भुकटी), वर ब्लॉक असा थर दिला की पटांगण व्हरांड्याच्या बरोबरीला येईल आणि जुलैच्या मोठ्या पावसात पाणी थेट पहिलीच्या वर्गात शिरेल. भिंतीच्या खालच्या हातभर भागात आत्ताच ओल आहे. तिथं काढलेली मुळाक्षरं एका पावसाळ्यात पापडासारखी सुटून आली, ती रंगाच्या खराबीने नव्हे. ओल्या गिलाव्यावर कुठलाच रंग टिकत नाही. लिंबाच्या झाडाखालची माती बंद केली की झाडाचंही पाणी तुटतं. आणि ब्लॉकवर खो-खो खेळून बघा एकदा. मैदान हे लेकरांना पडायला असतं. पटांगणाला हवं आहे ते एवढंच: मुरूम उकरून उतार इमारतीपासून बाहेर रस्त्याकडे काढणं आणि भिंतीलगत एक उघडी नाली. जेसीबीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

रंगरंगोटीबद्दल थोडं. सातारच्या कुमठे बीटात (शाळांच्या गटात) शिक्षकांनी फरशीवर, ओट्यावर खडूने, रंगाने आकृत्या काढून लेकरांना त्यावर खेळत शिकवायला सुरुवात केली, त्याचं नाव झालं. २०१५ मध्ये "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र" हा सरकारी कार्यक्रम आला तसं ते राज्यभर पोचलं. पण बऱ्याच ठिकाणी पोचला तो फक्त रंग. फरशीवर आकडे रंगवले, त्यावर सतरंजी अंथरली आणि लेकरं सतरंजीवर बसवली. आपल्याकडे भिंतीवर घड्याळ रंगवलेलं आहे, ते माझ्या डोक्याच्याही वर. पहिलीतल्या लेकराने काटे कसे फिरवायचे? रंगवायचंच असेल तर कंबरेच्या खाली रंगवा, तेही ओल काढल्यावर.

आता ज्या कामासाठी मी हात जोडून सांगणार आहे ते काम: स्वच्छतागृह.

मागच्या आठवड्यात मॅडमची परवानगी घेऊन मी टेप आणि वही घेऊन शाळेत गेलो. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. किल्ली कार्यालयात खिळ्याला. उघडलं तर एका भांड्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, दुसऱ्यात लिंबाचा पाला. पत्र्याचं दार खालून वीतभर गंजून गेलेलं, इतकं की आत बसलेल्याचे पाय बाहेरून दिसावेत. नळाची तोटी नाही, तिथं लाकडाची खुंटी ठोकलेली. फ्लशची टाकी आहे, तिला पाणीच जोडलेलं नाही. माझी नात तिसरीत आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी दुपारच्या सुट्टीत घरी पळतात ते जेवायला नव्हे, जेवण तर शाळेतच मिळतं. ज्यांचं घर वस्तीवर लांब आहे त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. यू-डायसच्या रकान्यात मात्र आपल्याकडे मुलींचं स्वच्छतागृह "आहे".

शाळांत पिण्याचं पाणी आणि मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहं सहा महिन्यांत झाली पाहिजेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये सगळ्या राज्यांना दिला होता. २०१४ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरूनही तीच घोषणा झाली. २ ऑक्टोबर २०२० ला शाळा-अंगणवाड्यांना नळजोडणी देण्याची जल जीवन मिशनची मोहीम निघाली. आपल्या शाळेला या सगळ्यातून काही ना काही मिळालं आहे. भांडी बसली, टाकी आली, नळ आला. मिळालं नाही ते एवढंच की हे तिन्ही एकमेकांना जोडून द्यावेत.

दुरुस्तीचं अंदाजपत्रक करताना चार गोष्टी लिहून घ्या, नाहीतर ठेकेदार त्याच्याकडे पडून असलेला माल बसवून जाईल. पहिलं, फ्लशच्या टाक्या काढा. त्या भांड्याला एका वेळी बादलीभर पाणी लागतं, ते आपल्या गावात मार्चनंतर कुठून आणणार? तीव्र उताराचं रुरल पॅन बसवा, त्याला दीड-दोन लिटरचा तांब्या पुरतो. दुसरं, पत्र्याचं दार नको. पाण्याजवळचा पत्रा खालूनच गंजतो. पीव्हीसी किंवा फायबरचं दार घ्या आणि त्याला आतून कडी लावा. कडी पहिलीच्या लेकराच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. तिसरं, सेप्टिक टँकऐवजी दोन शोषखड्डे. एक भरला की दुसऱ्याकडे वळवायचं, उपशाच्या गाडीची वाट बघायची नाही. चौथं, पाण्याचा हिशेब. ७८ लेकरांना स्वच्छतागृहापुरतं रोज तीन-चारशे लिटर पाणी लागेल. नळाला पाणी दर चौथ्या दिवशी येतं. म्हणजे सध्याची हजार लिटरची टाकी तिसऱ्या दिवशी कोरडी. दोन हजारांची टाकी घ्या आणि पिण्याची टाकी तिच्यापासून वेगळी ठेवा.

हे झालं तरी सहा महिन्यांत कुलूप पुन्हा लागेल, जर झाडणारा माणूस ठरला नाही तर. गावोगावी मी हे पाहिलं. बांधकामाची मोजमाप पुस्तिका नीट भरलेली, पूर्णत्वाचा दाखला जोडलेला, फोटो चिकटवलेला आणि वर्षभरात दाराला कुलूप. बांधायला लेखाशीर्ष असतं, झाडायला नसतं. शिक्षकांनी किंवा लेकरांनी झाडावं असं म्हणू नका. त्यातही कुणाच्या लेकरांना झाडू मिळतो हे आपण सगळे जाणतो. आठवड्यातून तीनदा येणारा माणूस, त्याचं महिन्याचं मानधन आणि ते कोण देणार, ही ओळ आराखड्यात टाका. ही ओळ नसेल तर स्वच्छतागृहाचं कामही करू नका, पैसे वाया जातील.

छताचं काम तुम्ही समजता त्याहून सोपं आहे. स्लॅब खराब झालेला नाही. मी वर चढून पाहिलं. पावसाचं पाणी उतरायचे दोन्ही पाइप लिंबाच्या काड्यांनी बुजलेत, त्यामुळे तिसरी-चौथीच्या खोलीवर तळं साचतं आणि मुरून खाली उतरतं. पाइपांच्या तोंडाला जाळी, वर्षातून दोनदा सफाई, मृग निघायच्या आत आणि पोळ्याला, आणि खोलगट भागात उतार काढून विटांच्या तुकड्यांचा कोबा. संपूर्ण छताला वॉटरप्रूफिंगची पावडर फासायला कुणी आलं तर त्याला परत पाठवा.

छताचं पाणी उतरवणारच आहोत तर ते नालीत का सोडायचं? १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. आपला स्लॅब व्हरांड्यासह दीडशे चौरस मीटर भरतो. पावसाळा बेताचा, ६०० मिलिमीटरचा धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला म्हटलं तरी ७० हजार लिटरच्या वर पाणी होतं. एवढं साठवणारी टाकी आपल्याला झेपायची नाही. पण शाळेतल्या हातपंपाजवळ दगड, खडी, वाळू असे थर देऊन खड्डा केला आणि हे पाणी गाळून त्यात सोडलं तर बोअरला त्याचा काही ना काही उपयोग होईलच. मार्चमध्ये स्वयंपाकीण मावशी रस्त्यापलीकडून घागरी आणतात. त्यांना विचारा हे काम कमानीच्या वर हवं की खाली.

आणि आता तो कोरा रकाना. मला सगळ्यात जास्त तोच खटकला.

नियमाप्रमाणे आराखडा तीन वर्षांचा करायचा, त्यात दर वर्षाचा वेगळा. त्याची सुरुवात होते इयत्तावार पटाच्या अंदाजाने. किती लेकरं येणार, त्यावरून किती शिक्षक लागणार, त्यावरून किती खोल्या आणि मग पैसे. आपण शेवटून सुरुवात केली. आपला पट ७८. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. संच मान्यतेला, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवायला, ३० सप्टेंबरचा पट धरतात, त्या दिवशी सगळे हजर असतात. डिसेंबरात वर्गात बसलेले किती? चाळीस-पंचेचाळीस. बाकीचे आईबापांच्या मागे, फडावर कोपीत (पाचटाच्या झोपडीत), धाकट्या भावंडाला सांभाळत. परत येतात तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. चौथीतलं लेकरू दुसरीचं पुस्तक अडखळत वाचतं आणि आपण म्हणतो याचं डोकं चालत नाही.

यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ती चालवायची असते तुमच्याच समितीने. लेकरू गावात आजी-आजोबांकडे राहतं, जेवण वसतिगृहात, शाळा नेहमीची. पण त्यासाठी कोण जाणार आणि कुणाची लेकरं मागे राहू शकतात याची यादी टोळ्या हलण्याआधी व्हावी लागते आणि प्रस्ताव पंचायत समितीकडे वेळेत जावा लागतो. टोळ्या गेल्यावर यादी करून उपयोग काय? ज्यांची लेकरं बरोबर जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड हातात द्यावं लागतं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत लेकराला कुठल्या वर्गात बसवायचं ते तिथल्या गुरुजींना कळतं. हे कार्डसुद्धा गाडी लागायच्या दिवशी धावतपळत देतात आणि ते पेटीच्या तळाशी जातं.

वसतिगृह आराखड्यात धरलं की बाकीची कामंही बदलतात, म्हणून म्हणतो पटाचा रकाना पहिला भरा. चाळीसेक लेकरं संध्याकाळी शाळेत जेवणार असतील तर स्वयंपाकखोलीत सात वाजता उजेड लागेल. तिथं आज एक होल्डर लोंबतो आणि त्यात बल्ब नाही. गॅसची दुसरी शेगडी लागेल. हात धुवायला एका नळाने भागणार नाही, भिंतीलगत पाच-सहा तोट्यांची एक लांब पाइप लागेल, उंची लेकरांच्या कोपरापर्यंत. रात्री घरी सोडायला रस्त्यावरच्या दोन खांबांचे दिवे चालू असावे लागतील, ते काम ग्रामपंचायतीचं. आणि जी लेकरं फडावरून परततील त्यांच्यासाठी एप्रिलमध्ये आणि जूनच्या सुरुवातीला वाचन-गणिताचे जादा तास, ही ओळ पाहिजे. गावात डी.एड. झालेली, घरी बसलेली पोरं-पोरी आहेत. त्यांना मानधन द्या. स्मार्ट टीव्हीपेक्षा स्वस्त पडेल.

पैशांचं म्हणाल तर एकाच खिशातून सगळं होणार नाही. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. आपल्याला २५ हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा असतो, म्हणजे अडीच हजार. उरलेल्यातून विजेचं बिल, स्टेशनरी, किरकोळ दुरुस्ती. त्यात स्वच्छतागृह बसत नाही, तोट्या आणि जाळ्या बसतात. मोठं काम ग्रामपंचायतीकडून यावं लागेल आणि इथं मी सरपंचताईंशी बोलतोय. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. शाळेची टाकी, जोडणी, शोषखड्डे, पुनर्भरणाचा खड्डा ही सगळी कामं त्याच जातीची आहेत. ताई, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या विकास आराखड्याची तयारीही ऑक्टोबरपासूनच सुरू होते. शाळेचा आराखडा त्याआधी ठरावासह तुमच्या हातात पडला तर ही कामं तुमच्या यादीत चढतील. डिसेंबरात आला तर "पुढच्या वर्षी बघू". छताच्या कोब्यासाठी झेडपीच्या दुरुस्तीच्या यादीत नाव लागायला हवं. त्यासाठी लागणारं अंदाजपत्रक मी करून देईन, तांत्रिक मान्यतेला कुठल्या टेबलावर अडतं तेही मला माहीत आहे.

बैठक दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी ठेवा, सकाळची शाळा सुटल्यावर, शाळेतच. नोटीस फक्त फलकावर नको, आदल्या रात्री दवंडी द्या. महिला सदस्यांच्या घरी सहीची वही फिरवू नका, त्यांना बोलवा, आणि स्वच्छतागृहाचा विषय पहिला घ्या म्हणजे त्या बोलतील. कोयत्याला जाणाऱ्या पालकांसाठी बसायच्या जागा पुढं ठेवा, कारण नंतर सहा महिने त्यांना विचारता येणार नाही. टोळ्या नेणाऱ्या गावातल्या तिन्ही मुकादमांनाही निरोप द्या. कोण, कधी, कुठल्या कारखान्याला आणि किती लेकरांसह जाणार याची खरी यादी त्यांच्या वहीत असते. ती वही बरोबर आणायला सांगा. टेप आणि अंदाजपत्रकाचे कोरे कागद मी घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
तिसरीतल्या एका मुलीचा आजा